मरीन टँक पुण्याहून बंगळुरूला नेताना: काय आधी, काय नंतर

चार-पाच वर्षं जमलेला मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, दुसऱ्या शहरात न्यायचा म्हटलं की सगळं लक्ष प्रवासाकडे जातं. गाडीत मासे तग धरतील का, ऑक्सिजन पुरेल का, खड्ड्यात काच तडकेल का. खरं तर नीट बांधलेले मासे वाटेत क्वचितच दगावतात. दगावतात ते पोचल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. आणि कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: जुनी वाळू जशीच्या तशी परत टाकलेली असते, आणि नवं पाणी ऐनवेळी घाईघाईत कालवलेलं असतं.

हे मी ठाण्याहून पुण्याला येताना शिकलो. जेमतेम दीडशे किलोमीटरचा प्रवास. सगळे मासे टुणटुणीत पोचले. वाळू दोन बादल्यांतून आणली होती, ती टाकीत ओतली, वर पाणी भरलं, रात्री अकराला दिवा मालवून झोपलो. पहाटे घरभर सडक्या अंड्यासारखा वास. अमोनियाच्या (कुजणाऱ्या घाणीतून पाण्यात येणाऱ्या विषाच्या) टेस्टमध्ये नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. यलो टँग आणि दोन क्रोमिस हे मासे आणि सगळे श्रिंप (छोट्या कोळंब्या) गेले. त्यानंतर पुण्याहून बंगळुरूला, सुमारे ८४० किलोमीटर, तीच टाकी नेली, तेव्हा एक टर्बो गोगलगाय सोडली तर सगळं जिवंत पोचलं. काळजी दोन्ही वेळा सारखीच घेतली होती. दुसऱ्या वेळी क्रम बदलला. तोच क्रम इथे देतोय.

हिशेबासाठी माझी ४ × २ × २ फुटांची टाकी धरली आहे. तुमची लहान असेल तर आकडे कमी करा, क्रम मात्र बदलू नका.

सुरुवात करण्याआधी एक कायद्याची गोष्ट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कडक प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या येतात. यातलं काही टाकीत असेल तर ट्रान्सपोर्टचा विचार नंतर, आधी वनविभागाशी बोला. हा लेख मासे, मऊ प्रवाळ, ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव), श्रिंप आणि कारखान्यात बनवलेल्या दगडांच्या टाकीसाठी आहे. खरेदीची बिलं गाडीत हाताशी ठेवा. तुम्ही राज्याची हद्द ओलांडणार आहात.

टप्पा १: एक महिना आधी

तारीख ठरवताना हवामान बघा. नोव्हेंबर ते जानेवारी सगळ्यात सोयीचे. एप्रिल-मे मध्ये बंद गाडी तासाभरात भट्टी होते. पावसाळा तर नकोच: २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद पडला होता. पिशवीतल्या माशांना घेऊन अशा रांगेत अडकलात तर कुठलीच तयारी कामाला येत नाही.

या महिन्यात नवा मासा, नवा प्रवाळ काहीही आणायचं नाही. दर आठवड्याला वाळूचा एक पाव भाग सायफनने साफ करा. एकदम सगळी वाळू ढवळू नका, खालचा साठलेला गाळ अंगावर येईल. संपमधला, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीतला, गाळ काढा. दगडांच्या मागे वर्षानुवर्षं जमलेली घाण छोट्या पंपाने उडवा आणि पाणी बदलताना ओढून घ्या. जेवढा गाळ आत्ता निघेल तेवढा अमोनिया तिकडे कमी.

नव्या घरी टाकी कुठे बसणार हेही आत्ताच ठरवा. एवढ्या टाकीत काठोकाठ साडेचारशे लिटर पाणी मावतं. १२ मिलिमीटरच्या काचेची टाकी रिकामीच साधारण ९० किलो. दगड, वाळू, स्टँड धरून साडेसहाशे किलोंच्या आसपास वजन जेमतेम पाऊण चौरस मीटर जागेवर येतं. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची लादी धरतात ती चौरस मीटरला सुमारे २०० किलोंच्या हिशेबाने. म्हणून टाकी खोलीच्या मधोमध नको, बीमजवळ भिंतीला लागून हवी. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून घ्या.

टप्पा २: नव्या घरचं पाणी आधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं की जुनं पाणी म्हणजेच टाकीचा जीव. अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात नगण्य असतात. ते राहतात दगडांवर, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या खड्यांवर. त्यामुळे चारशे लिटर जुनं पाणी वाहून नेण्यात अर्थ नाही. जीव ज्यात प्रवास करतील तेवढं, म्हणजे शंभर-सव्वाशे लिटर, पुरे. बाकीचं पाणी नव्या गावी, तुम्ही पोचण्याआधी तयार असलं पाहिजे.

बंगळुरूत नळाला कावेरी, बोअर किंवा टँकर, काहीही येऊ शकतं. यातलं कुठलंच पाणी थेट चालत नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळी लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. स्वयंपाकघरातला आरओ सहसा शून्य देत नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे क्षार परत मिसळलेले असतात.

हिशेब असा: टाकीसाठी ३०० लिटर आणि राखीव १०० लिटर. घरगुती आरओ तासाला आठ-दहा लिटर देतो, म्हणजे ४०० लिटरला पन्नासेक तास यंत्र चालवावं लागतं. एका रात्रीत हे होत नाही. मीठ लिटरला साधारण ३५ ते ३७ ग्रॅम धरा, एकूण चौदा-पंधरा किलो लागेल. मी आठवडाभर आधी एक फेरी मारून पिंपं, मीठ आणि डीआयची नळी पोचवली होती. पाणी भाच्याने भरून ठेवलं.

मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर कॅल्शियमचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. पिंपात पंप सोडून निदान २४ तास फिरू द्या.

*तपासा:* घनता १.०२५, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) तुमच्या चालू टाकीइतकी. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजारात ३५ भाग मिठाच्या, द्रावणाने जुळवून घ्या. पुण्यात आणि बंगळुरूत एकच रिफ्रॅक्टोमीटर वापरा.

टप्पा ३: सामानाची जमवाजमव

- २० लिटरच्या झाकणाच्या बादल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्या कितीही घासल्या तरी नकोत.
- दगडांसाठी दोन निळी पिंपं, आधी खाण्याचा माल भरलेली. केमिकलची नकोत.
- थर्माकोलचे खोके. मेडिकलवाल्याकडे थंड औषधं येतात ते मागून घ्या. मासळी बाजारातले घेतले तर आठवडाभर उन्हात ठेवा आणि मिठाच्या पाण्याने धुवा.
- बॅटरीवर चालणारे एअर पंप, लागतील त्यापेक्षा दोन जास्त.
- जाड पिशव्या, रबरबँड, तापमापक, अमोनियाचं टेस्ट किट, अमोनिया बांधणारं द्रव, पाणी गाळायचा ताजा कार्बन.
- लांब हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. याचं कारण पुढे येतं.

साबण यातल्या कशालाही लावायचा नाही.

मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून नेणं मला बादलीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. तुम्ही जिथून मासे घेता त्या दुकानदाराला आधी विचारा, सिलिंडर घेऊन घरी येईल का. पैसे देऊन बोलवा, हा खर्च वाचवू नका.

निघण्याआधी दोन दिवस माशांना खाणं बंद. पोट रिकामं असलं की पिशवीत घाण कमी. त्यांचे हाल होतील म्हणून आदल्या रात्री खाऊ घालणारे बरेच असतात. तुम्ही घालू नका, निरोगी मासा दोन दिवस सहज काढतो.

दगडांची रचना चारही बाजूंनी फोनवर टिपून ठेवा. प्रत्येक पाइपला आणि वायरला मास्किंग टेप लावून नाव लिहा. रात्री दमून पोचल्यावर कुठलं बेंड कुठे हे आठवत नाही.

टप्पा ४: उपसण्याचा दिवस

दुपारी दोनला सुरू करून रात्री आठच्या आत निघायचं, म्हणजे ऊन लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचून मांडायला उजेड मिळतो. गाडीला दोन ड्रायव्हर हवेत.

१. हीटर बंद करा आणि अर्धा तास थांबा. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. मग पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद.

२. स्वच्छ पाणी आधी काढा. काहीही न ढवळता वरचं शंभर-सव्वाशे लिटर पाणी बादल्यांत घ्या. हेच पिशव्यांना आणि पिंपांना लागेल. दगड उचलल्यावर पाणी काढायला गेलात तर गाळच पिशवीत भराल.

३. मऊ प्रवाळ आणि ॲनिमोनी. लेदर, मशरूम, झोआ हे मऊ प्रवाळाचे प्रकार वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, ताणाखाली ते चिकट स्राव सोडतात. छोटे तुकडे थर्माकोलच्या चकतीला रबरबँडने बांधून उलटे तरंगत ठेवले तर गाडी हलली तरी ते एकमेकांवर आपटत नाहीत. ॲनिमोनी दगडाला चिकटली असेल तर तो दगडच उचला. फार मोठा असेल तर नखाने नाही, बोटाच्या पेराने पायाची कड हळूहळू सोडवा. पाय फाटला तर ती सहसा वाचत नाही, आणि मेलेली ॲनिमोनी अख्खं पाणी नासवते. तिला वेगळी बादली.

*सावधान:* झोआ आणि त्याचाच भाऊबंद पॅलिथोआ यांच्यामध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. ते चिकटलेले दगड घासू नका, गरम पाण्याखाली धरू नका, उकळू तर कधीच नका. वाफेतून आणि उडालेल्या थेंबांतून माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

४. दगड. प्रत्येक दगड पाण्यावर पाच-दहा सेकंद धरून निथळू द्या, भोकात बसलेला गोबी मासा किंवा श्रिंप बाहेर पडतो. मग पिंपात, राखलेल्या पाण्यात बुडवून, एअर पंपासह. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेलेले दगडही पोचतात, पण त्यावरचे स्पंज हवा लागली की मरतात आणि तिकडे अमोनिया वाढवतात. चौदा-सोळा तासांच्या प्रवासाला बुडवूनच न्या.

५. मासे. दगड निघाले आणि पाणी वीतभर उरलं की मासे विनासायास जाळीत येतात. दगड असताना पकडायला गेलात तर तासभर पाठलाग होतो, आणि तो ताण नंतर पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराच्या रूपाने बाहेर येतो. एका पिशवीत एकच मासा. एक तृतीयांश राखलेलं पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन, पिशवी दुहेरी. टँगच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, त्याला तिहेरी पिशवी आणि दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्र. वाळूत झोपणारे रास (wrasse) जातीचे मासे दिसले नाहीत तर घाबरू नका, वाळू काढताना सापडतील. त्यासाठी वाळू मुठीमुठीने काढा, फावड्याने नको.

माझ्या क्लाऊनफिशच्या जोडीतली मादी पिशवीत जाताच तळाशी आडवी पडली. तोंड उघडझाप, रंग फिका. मी घाबरून पिशवी उघडणार होतो. दुकानदाराने हात धरला, खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, "अंधार दे तिला, दहा मिनिटं बघू नको." दहा मिनिटांनी ती सरळ होती. अंधारात मासे शांत होतात आणि ऑक्सिजनही कमी वापरतात. झाकण सारखं उघडून बघू नका.

६. वाळू. माझं मत ठाम आहे: जुनी वाळू टाकून द्या. तिच्या खालच्या थरात हायड्रोजन सल्फाइड आणि कुजलेला गाळ असतो. न ढवळता तो निरुपद्रवी असतो, हलवला की पाण्यात येतो. टाकी उपसताना काचेला लागून काळा पट्टा दिसेल, त्यावर बोट ठेवून वास घ्या, मला काय म्हणायचंय ते कळेल. अगदी ठेवायचीच असेल तर वरच्या बोटभर थरातली दोन वाट्या घ्या आणि मिठाच्या पाण्यात गढूळपणा जाईपर्यंत खळबळून धुवा. आधी सापडलेले रास पिशवीत गेलेत ना, हे मोजून बघा.

७. फिल्टर. बंद कॅनिस्टर (डब्यासारखा फिल्टर) भरलेला नेऊ नका. आत ऑक्सिजन संपतो, जिवाणू मरतात आणि उघडताच आंबूस काळं पाणी निघतं. खडे काढून दगडांच्या पिंपात टाका.

टप्पा ५: गाडीत काय कुठे

टाकी पूर्ण रिकामी, कोरडी. आत पाव इंच पाणी किंवा चार दगड "राहू देत" म्हणून ठेवले तरी धक्क्यात सिलिकॉनच्या जोडावर भार येतो. खाली जाड थर्माकोल, चारही बाजूंना गाद्या, टाकी तळावरच बसलेली. वरच्या आडव्या काचपट्ट्यांना धरून कधीही उचलू नका. चार माणसं आणि तळाखालून पट्टे.

टाकी, स्टँड आणि दगडांची पिंपं टेम्पोत. मासे, श्रिंप, प्रवाळ, ॲनिमोनी तुमच्याबरोबर एसीच्या गाडीत. मूव्हर्सच्या ट्रकमध्ये जिवंत काहीही देऊ नका. टेम्पोतही आपलं एक माणूस बसवा, पिंपातले एअर पंप बघायला. ड्रायव्हरच्या ते लक्षात राहणार नाही, आणि तो त्याचा दोषही नाही.

एसी २५ वर. हिवाळ्यात पहाटे चित्रदुर्गच्या आसपास बाहेर चांगलाच गारठा असतो. खोक्याची झाकणं चिकटपट्टीने बंद असली तर आत एक-दोन अंशांपेक्षा फरक पडत नाही.

अडीच-तीन तासांनी थांबा. माझे थांबे कराड, निपाणी, हावेरी आणि चित्रदुर्ग होते. साताऱ्यापासून कागलपर्यंत रस्त्याची कामं चालू असली तर एक तास जास्तीचा धरा.

*थांब्यावर तपासा:* एअर पंपांचा आवाज, बादल्यांतलं तापमान, ॲनिमोनीच्या पाण्याचा वास. वास आला तर तिचं निम्मं पाणी राखीव पाण्याने बदला. माशांच्या पिशव्या उघडायच्या नाहीत. यामागे कारण आहे. माशाच्या श्वासाने पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो आणि त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला जाळतो.

टप्पा ६: नव्या घरी मांडणी

पोचल्यावर पहिला मोह मासे सोडण्याचा होतो. थांबा. खोके सावलीत ठेवा, दगडांच्या पिंपांना घरच्या विजेवर पंप आणि हीटर लावा आणि मग टाकीकडे वळा.

१. स्टँड जागेवर ठेवा, स्पिरिट लेव्हल चारही बाजूंनी लावून बघा. टाकीच्या तळाला फोम लागत असेल तर तो नवा.

२. टाकी ठेवून पाइप जोडा. आरओचं साधं पाणी चार बोटं भरून तासभर थांबा. सगळ्या जोडांवर कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर गळती आहे. शक्य असेल तर टाकी टेम्पोने दोन दिवस आधी पाठवून पूर्ण भरून २४ तास बघा, ते सगळ्यात उत्तम.

३. दगड थेट काचेवर, खाली पातळ प्लास्टिकची जाळी. वाळू नंतर. वाळूवर दगड रचले तर खालून उकरणारा गोबी किंवा पिस्तूल श्रिंप एक दिवस डोलारा पाडतो.

४. नवी, धुतलेली वाळू. त्यावर ताट ठेवून तयार पाणी हळूहळू ओता.

५. पंप, हीटर, स्किमर चालू. ताजा कार्बन लावा.

*तपासा:* आता पुन्हा घनता आणि तापमान. पिशवीतल्या पाण्याची घनता तुम्हाला माहीत आहे, ती पुण्याच्या टाकीचीच. दोन्ही जुळली की पुढचं काम सोपं आहे.

६. पिशव्या बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगू द्या. मग उघडून लगेच मासा हाताने किंवा जाळीने टाकीत. पिशवीचं पाणी टाकीत जाता कामा नये. तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसण्याची सवय इथे घातक ठरते, कारण वर सांगितलेला पीएच तेवढ्या वेळात चढतो. श्रिंप आणि गोगलगायींना घनतेतला फरक सोसत नाही. त्यांच्यासाठीच दोन्हीकडे घनता सारखी ठेवायची.

७. ॲनिमोनी शेवटी, आणि पंपांना जाळी लावूनच. जागा बदलत ती रात्री फिरते आणि उघड्या पंपात अडकते.

दिवा लावू नका. पहिली रात्र पूर्ण अंधार.

टप्पा ७: पहिले तीन दिवस

सकाळ-संध्याकाळ अमोनिया. शून्य हवा. ०.२५ पीपीएम दिसला तरी वाट बघू नका: राखीव शंभर लिटर वापरून पाणी बदला, अमोनिया बांधणारं द्रव घाला आणि पुन्हा शंभर लिटर कालवायला घ्या. या राखीव पाण्यामुळेच माझी रात्र वाचली. दुसऱ्या संध्याकाळी नळीचा रंग पिवळ्यातून किंचित हिरव्याकडे झुकला होता. कारण शोधलं तर एका दगडाच्या भोकात ती टर्बो गोगलगाय मेलेली सापडली. टाकीतला प्रत्येक जीव मोजा आणि जो दिसत नाही तो शोधा.

खाणं चोवीस तासांनी, नेहमीच्या खाण्याचा चौथा हिस्सा. स्किमर पहिले दोन दिवस वेड्यासारखा फेस काढतो. कप खाली करत राहा, बंद करू नका.

लेदर प्रवाळ आठवडाभर मिटून राहतो, त्याला हलवत बसू नका. दिवा तिसऱ्या दिवसापासून अर्ध्या तीव्रतेने, दहा-बारा दिवसांत पूर्वपदावर.

पांढरे ठिपके दिसले तर मुख्य टाकीत तांब्याचं औषध कधीही नाही, श्रिंप आणि प्रवाळ संपतील. आजारी मासा वेगळ्या छोट्या टाकीत काढून तिथे उपचार करा. म्हणून पिंपं, बादल्या आणि एअर पंप महिनाभर तरी माळ्यावर टाकू नका, आणि राखीव शंभर लिटर पाणी कोपऱ्यात फिरतं ठेवा.

नवा मासा आणायची घाई आत्ता नको. सलग तीन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसले की मग दुकानात जा.